कंपवात, डीबीएस आणि आपले कवचबीज

कंपवाताच्या रुग्णांच्या तोंडून 'डीबीएस' हा शब्द आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या चिकित्सालयांतही ऐकू येऊ लागला आहे. 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. मेंदूच्या गाभ्यात बारीक तार बसवून तिच्यातून सतत सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडणे, असे या चिकित्सेचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. ही शस्त्रक्रिया करणारे केंद्र मुंबईत, पुण्यात वा बंगळुरूत असते. रुग्ण मात्र उरलेले आयुष्य आपल्या गावात काढतो. मलावष्टंभ, निद्रानाश, अंसशूल अशा नित्याच्या तक्रारी घेऊन तो आपल्याकडेच येतो. म्हणून या चिकित्सेची साद्यंत माहिती वैद्यांना आणि औषधी दुकानदारांना असणे आवश्यक आहे, असे आमचे मत आहे. शस्त्रक्रियेची भलावण किंवा निंदा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही.

प्रथम नावाविषयी. चरकसंहितेतील ऐंशी नानात्मज वातविकारांत 'वेपथु' येतो, माधवनिदानात त्याचे लक्षण येते आणि बसवराजीयात 'कंपवात' हे नाव आढळते. व्यवहारात मात्र हात थरथरणारा प्रत्येक रुग्ण आपण कंपवाताच्या एकाच खात्यात टाकतो. पेला उचलताना, सही करताना हात कापतो आणि मांडीवर ठेवला की स्थिर राहतो, तेथे बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर' हा निराळा विकार असतो. विश्रांतीत हात कापणे, चाल मंदावणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरील भाव हरपणे हे चित्र पार्किन्सनचे. तिसरा गट औषधजन्य कंपाचा असून आपल्याकडे तो मुळीच दुर्मीळ नाही. चक्कर येते म्हणून सिनारिझिन वा फ्लुनारिझिन, आम्लपित्तासाठी लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड ही औषधे महिनोन्‌महिने घेणाऱ्या वृद्धांत हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे उत्पन्न होतात. कारणीभूत औषध थांबविल्यावर बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत पूर्ववत होतात. अशा रुग्णाला कपिकच्छूची गरज नसते, तारेची तर नसतेच. जुन्या चिठ्ठ्या मागवून वाचणे हे येथे निदानाचे पहिले अंग आहे.

दोन वनस्पती आणि एक योगायोग

आधुनिक शास्त्राला पार्किन्सनचे मर्म उलगडले त्या इतिहासात आपल्या कपाटातील दोन द्रव्ये समोरासमोर उभी आहेत, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. पहिले सर्पगंधा. तिच्यातून निघालेले रिसर्पिन स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना दिले, तेव्हा ससे जागच्या जागी थिजून गेले. त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनचा साठा रिता झाला की गती थांबते आणि त्याचे पूर्वद्रव्य दिले की गती परत येते, असा त्याचा अर्थ. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे द्रव्य कपिकच्छू, म्हणजेच आपली खाजकुयली, दुकानातील कवचबीज. या बीजातून लेव्होडोपा वेगळे काढल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच प्रसिद्ध केले होते. पार्किन्सनवर लेव्होडोपाचा उपयोग होतो हे व्हिएन्नात १९६१ मध्ये दिसले आणि मोठ्या मात्रेत तोंडावाटे देण्याची पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी बसवली. एक वनस्पती रोगासारखी अवस्था निर्माण करते आणि दुसरी ती दूर करते, असा हा योग आहे. हे केवळ कुतूहल म्हणून सांगितलेले नाही. पुढे दुकानाचा विषय येईल तेव्हा त्याचे प्रयोजन कळेल.

लेव्होडोपाने प्रारंभी चमत्कार वाटावा असा गुण येतो. पुढे पाच-सात वर्षांत अडचणी सुरू होतात. गोळीचा प्रभाव दोन-तीन तासांत ओसरतो आणि रुग्ण पुन्हा थिजतो. मात्रा वाढविली तर अंग वेडेवाकडे हलू लागते. थिजणे आणि हलणे यांच्यामध्ये दिवसाचे तुकडे पडतात. डीबीएसची गरज मुख्यतः या अवस्थेत निर्माण होते.

तिचा शोध अकस्मात लागला. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील न्यूरोसर्जन आलीं-लुई बेनाबिद कंप थांबविण्यासाठी थॅलॅमस या केंद्राचा छोटासा भाग जाळण्याची तत्कालीन शस्त्रक्रिया करीत असत. जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना, हे तपासण्यासाठी तेथे सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा प्रघात होता. १९८७ मध्ये त्यांच्या लक्षात आले की, सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदने दिली असता कंप तत्काळ थांबतो आणि प्रवाह बंद करताच परततो. मग जाळावयाचे कशाला, तार तेथेच का ठेवू नये, असा विचार त्यांनी केला. न्यूरॉलॉजिस्ट पिएर पोलाक त्यांच्यासोबत होते. भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट मिळविलेल्या या शल्यविशारदाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत निराळ्या दिशेने काम चालू होते. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी भेसळयुक्त कृत्रिम हेरॉइन टोचून घेतल्यावर अचानक थिजलेल्या अवस्थेत रुग्णालयात आले. दोष एमपीटीपी या रसायनाचा निघाला. या रसायनामुळे माकडांत पार्किन्सनसदृश अवस्था निर्माण करता येऊ लागली. १९९० मध्ये मॅहलॉन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे वाटाण्याएवढे केंद्र निकामी केल्यास हालचाल सुधारते. डोपामिन कमी झाले की हे केंद्र अतिक्रियाशील होते, असे त्यातून कळले. बेनाबिद यांच्या चमूने १९९३ मध्ये तार याच केंद्रात बसवली. केवळ कंपच नव्हे, तर स्तंभ आणि मंदताही तिने कमी झाली. २०१४ चे लास्कर पारितोषिक बेनाबिद आणि डीलाँग यांना विभागून मिळाले. अमेरिकेच्या एफडीएने ही चिकित्सा कंपासाठी १९९७ मध्ये, पार्किन्सनसाठी २००२ मध्ये आणि डिस्टोनिया या अंग पिळवटणाऱ्या विकारासाठी २००३ मध्ये मर्यादित स्वरूपात मान्य केली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचा प्रारंभ केला.

तार काय करते, काय करीत नाही

डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवून एमआरआय वा सीटी स्कॅनच्या आधारे केंद्राचे नेमके स्थान काढतात. कवटीला छिद्र पाडून सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार आत सोडतात. तिच्या टोकाशी साधारणतः चार वा अधिक विद्युत्-अग्रे असतात. बहुतेक ठिकाणी या टप्प्यात रुग्ण जागा असतो. हात उघड-मीट कर, आकडे मोज, असे त्याला सांगतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कंप थांबलेला दिसतो. नंतर भूल देऊन तार कानामागून, मानेच्या त्वचेखालून छातीपर्यंत आणतात आणि अक्षकास्थीखाली पेसमेकरसारखी डबी बसवतात. सेकंदाला सुमारे १३० स्पंदने, प्रत्येक स्पंदन सुमारे ६० मायक्रोसेकंदांचे, हा नेहमीचा हिशोब. बाहेरील यंत्राने प्रवाहाची मात्रा कमी-अधिक करता येते आणि योग्य मात्रा सापडण्यास काही महिने जातात.

येथे एक गोष्ट वैद्यांनी ध्यानात ठेवावी. तार नुसती आत गेल्यानेही तेथील ऊतींना थोडी इजा होऊन, प्रवाह सुरू करण्यापूर्वीच काही दिवस बरे वाटते. ती इजा भरून आली की लक्षणे परततात. रुग्णाची समजूत होते की लाखो रुपये पाण्यात गेले. आणि नेमक्या त्या आठवड्यात तो आपल्या दारी येतो. त्याला धीर देऊन परत केंद्राकडे पाठविणे, एवढेच त्या वेळी आपले काम असते.

परिणामांचे आकडे भरवशाचे आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासात १५६ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सुमारे एक चतुर्थांशाने सुधारले, नुसत्या औषधांवर असलेल्यांचे जवळपास होते तसेच राहिले. मात्र गंभीर उपद्रव पहिल्या गटात १३ टक्के आणि दुसऱ्यात ४ टक्के होते आणि मेंदूतील रक्तस्रावाने एक मृत्यूही झाला. २०१३ च्या २५१ रुग्णांच्या अभ्यासाने शस्त्रक्रिया तुलनेने लवकरच्या काळातही लाभदायक ठरते, असे दाखविले. ग्रेनोबलच्या ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा वृत्तांत आम्हांला अधिक बोलका वाटतो. औषध बंद असतानाची हालचाल पाच वर्षांनंतरही ५४ टक्क्यांनी चांगली होती. पण औषध चालू असतानाचा तोल, वाचा आणि बुद्धी यांची घसरण थांबली नव्हती. म्हणजे रोग पुढे सरकतच राहतो, तार लक्षणे आवरते. आपल्या परिभाषेत हे शमन आहे, संप्राप्तिभंग नव्हे.

निवडीचा मुख्य निकष साधा आहे: लेव्होडोपाने जे सुधारते, तेच बहुधा तारेने सुधारते. कंप याला अपवाद असून औषधाला न जुमानणारा कंपही तारेने आवरतो. गोळी घेऊनही जो रुग्ण पडतो, ज्याचे बोलणे अस्पष्टच राहते, ज्याला भ्रम होतात वा स्मृतिभ्रंश आहे, त्याला या शस्त्रक्रियेचा लाभ नाही, उलट हानीचा संभव आहे. ज्याला दिवसातून पाच वा अधिक वेळा लेव्होडोपा घ्यावे लागते, दोन तास वा अधिक थिजलेपणा असतो किंवा एक तास वा अधिक त्रासदायक अनैच्छिक हालचाली होतात, त्याला तज्ज्ञांकडे पाठविण्याची वेळ झाली असे समजावे. हा पाच-दोन-एकचा हिशोब रुग्णाच्या केसपेपरवर सहज बसतो.

कवचबीज सांगून द्यावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची परीक्षा घेतात. रात्रभर लेव्होडोपा बंद ठेवून सकाळी हालचालींचे गुणांकन करतात, मग गोळी देऊन पुन्हा गुणांकन करतात. साधारणपणे ३० टक्क्यांहून अधिक फरक पडला तर रुग्ण योग्य मानतात. समजा, या रुग्णाने पहाटे दुधातून कवचबीजाचे चूर्ण घेतले आणि कोणास सांगितले नाही. मग 'औषधाविना' अवस्था खरोखर औषधाविना राहतच नाही. फरक कमी दिसतो आणि पात्र रुग्ण अपात्र ठरू शकतो. रुग्ण हे लबाडीने करीत नाही. ते चूर्ण त्याच्या लेखी औषध नसून खुराक असतो.

ते औषध आहे याचे पुरावे आपणच अभिमानाने सांगतो. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कपिकच्छूचा पार्किन्सनमधील वापर प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये एचपी-२०० या कपिकच्छू-कल्पाचा ६० रुग्णांवरील अभ्यास आला. २००४ च्या लंडनमधील अभ्यासात आठच रुग्ण होते, परंतु ३० ग्रॅम कपिकच्छू-कल्पाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक काळ टिकला. २००० सालचा 'जर्नल ऑफ न्यूरॉलॉजिकल सायन्सेस'मधील अभ्यास तर प्रत्येक वैद्याने वाचावा असा आहे. कपिकच्छू, खुरासानी ओवा, अश्वगंधा आणि बला यांचा दुधातील योग १८ रुग्णांना दिला होता. शोधन करून मग योग दिलेल्या १३ जणांत लक्षणीय सुधारणा झाली, केवळ शमन केलेल्या पाच जणांत तशी झाली नाही. संख्या लहान आहे, तरी आपल्या चिकित्साक्रमाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची. त्या योगाच्या एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आढळले.

हा आकडा नीट समजून घ्यावा. 'सिंडोपा ११०' या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाबरोबर १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असते. कार्बिडोपा नसेल तर लेव्होडोपाचा फार मोठा अंश मेंदूत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडतो, म्हणून चूर्णातील २०० मिलिग्रॅम गोळीतील २०० मिलिग्रॅमच्या तोडीचे नसते. पण रुग्ण गोळी आणि चूर्ण एकत्र घेत असेल, तर गोळीतील कार्बिडोपा चूर्णातील लेव्होडोपालाही काही अंशी संरक्षण देते आणि हिशोब पालटतो. शिवाय बीजातील लेव्होडोपाचे प्रमाण प्रत्येक मालात सारखे नसते. सबथॅलॅमिक तार बसविल्यानंतर केंद्रात गोळ्यांची मात्रा बहुधा निम्म्याच्या आसपास उतरवतात. अशा रुग्णाला आपण वाजीकर वा बल्य म्हणून कपिकच्छू दिले आणि अंग वेडेवाकडे हलू लागले, तर केंद्रातील डॉक्टर तारेचा प्रवाह कमी करीत बसतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि रुग्णाचे हाल. म्हणून कपिकच्छू द्यावयाचे असल्यास मात्रा, वेळ आणि कल्पाचे नाव चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे आणि ती चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्टला दाखविण्यास सांगावे. गोळ्या एकाएकी बंद करण्याचा सल्ला तर कदापि देऊ नये. त्यातून तीव्र ज्वर, स्तंभ आणि मोह अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते.

पंचकर्मगृहातील सावधगिरी

मध्यंतरी आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक उजव्या खांद्याच्या शूलासाठी आले. पार्किन्सनमध्ये खांदा आखडणे नित्याचेच. अभ्यंग करणाऱ्या मुलाच्या हाताला अक्षकाखाली कठीण डबी लागली आणि त्याने आम्हांला बोलावले. शस्त्रक्रियेस तीन वर्षे झाली होती, पण केसपेपरसाठी विचारले असता गुरुजींनी तिचा उल्लेख केला नव्हता. कारण विचारले तर म्हणाले, "वैद्यराज, मी खांद्यासाठी आलो, डोक्याचं काय सांगायचं?" त्यानंतर आम्ही नोंदणीच्या कागदावर एक ओळ छापून घेतली: शरीरात यंत्र, तार, सळई बसविली आहे काय?

हा प्रश्न का अनिवार्य आहे, ते अमेरिकेतील दोन घटनांवरून कळेल. डीबीएस बसविलेल्या दोन रुग्णांना डायाथर्मीचा शेक देण्यात आला, एकाला दंत-शस्त्रक्रियेनंतर, दुसऱ्याला पाठीच्या कण्याच्या वक्रतेसाठी. शेकाची ऊर्जा तारेवाटे मेंदूपर्यंत पोहोचली, अग्रांभोवतीचे मेंदूचे भाग गंभीररीत्या इजा पावले आणि रुग्ण दगावले. एफडीएने डिसेंबर २००२ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. शेक शरीराच्या कोणत्याही भागावर असो, यंत्र चालू असो वा बंद, शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह वा अल्ट्रासाउंड डायाथर्मी अशा रुग्णास वर्ज्य आहे. आपल्या अनेक पंचकर्म केंद्रांत फिजिओथेरपीची खोली शेजारीच असते आणि स्वेदनाला पर्याय म्हणून तेथे पाठविण्याची सवय असते. ती सवय येथे जीवावर बेतेल.

पारंपरिक स्वेदनात ही विद्युत्-ऊर्जा नसल्याने तो धोका नाही. तथापि छातीवरील डबी, मान आणि कानामागील तारेचा मार्ग यांवर मर्दन वा दाब देऊ नये. डबी वारंवार हलल्यास तार ओढली जाऊन तुटू शकते. शिरोबस्तीचा पट्टा कवटीवरील टोपणांवर आवळला जातो, म्हणून आम्ही या रुग्णांत शिरोबस्ती टाळतो. त्या भागात जलौका वा अग्निकर्म करू नये, कारण त्वचेला जखम होऊन जंतुसंसर्ग डबीपर्यंत गेला तर सर्व साहित्य काढावे लागते. चुंबकाचे पट्टे आणि गाद्याही टाळाव्यात. जुन्या बनावटीची काही यंत्रे चुंबकाने बंद पडत. एमआरआय सांगण्यापूर्वी यंत्राचे ओळखपत्र पाहावे, कारण परवानगी बनावटीनुसार बदलते.

याउलट मलावष्टंभ हे आपले खास क्षेत्र. तारेने तो जात नाही. आणि आमाशय व आतडी मंद असतील तर लेव्होडोपाचे शोषणही लांबते. स्नेहयुक्त मृदू विरेचन, मात्राबस्ती, भोजनाची नियमितता यांनी गोळीचा गुण वेळेवर येऊ लागल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रथिने लेव्होडोपाशी शोषणात स्पर्धा करतात, म्हणून गोळी आणि दूध वा डाळ यांत अंतर ठेवावे.

औषधी दुकानदारांसाठी

झोपेसाठी वा रक्तदाबासाठी 'सर्पगंधा घनवटी' मागणाऱ्याचे हात कापत असतील, तर सशांचा प्रयोग आठवावा. पार्किन्सनच्या रुग्णाला सर्पगंधा देणे म्हणजे उरलेसुरले डोपामिनही रिते करणे होय. त्यातून विषाद वाढतो तो निराळाच. खुरासानी ओव्याने कंप थोडा उतरतो, परंतु वृद्धांत भ्रम, मूत्रावरोध आणि मलावष्टंभ होतो. लोहाच्या क्षारांमुळे लेव्होडोपाचे शोषण घटते, म्हणून लोह-मंडूराचे कल्प आणि गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर सांगावे. कार्बिडोपाविना लेव्होडोपा म्हणजेच नुसते कवचबीज घेणाऱ्यास बी-६ युक्त टॉनिक देऊ नये, त्याने गुण घटतो.

खर्चाचा विषय निघाला की नातेवाईक आपलेच मत विचारतात. सर्व मिळून हा खर्च आठ-दहा लाख रुपयांपासून पुढे जातो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि तो खर्च पुन्हा काही लाखांचा असतो. चार्ज करण्याजोगी अधिक टिकते, पण मुळात महाग आणि घरी नियमितपणे चार्ज करणारे कोणी तरी हवे. हे सारे शस्त्रक्रियेआधी घरात बोलून घ्यावे. मेंदूतील लहरी मोजून प्रवाह आपोआप कमी-अधिक करणाऱ्या यंत्रास अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. किंमत मात्र उतरण्याची चिन्हे नाहीत.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. तार बसविलेल्या रुग्णाचा कंप वा स्तंभ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, तर वातप्रकोप समजून चूर्ण वाढविण्यापूर्वी रुग्णाजवळील छोट्या नियंत्रकावर यंत्र चालू आहे काय आणि बॅटरी किती उरली आहे, ते पाहावे. यंत्र बंद पडले असेल तर त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधून रुग्णास रवाना करावे आणि सोबत आपण देत असलेल्या औषधांची यादी द्यावी.